संगीत आणि गेम या दोन्हींसाठी एकच साउंड कार्ड पुरेल का?

मांजराकाठ (लातूर) :
नमस्कार मंडळी. आमच्या घरी संगणक एक आणि त्याचे दावेदार दोन आहेत. वडील ७२ वर्षांचे असून गल्लीतल्या भजनी मंडळात हार्मोनियमची साथ करतात. आपल्या आवाजातले पंधरा-वीस अभंग नीट ध्वनिमुद्रित करून ठेवावेत, अशी त्यांची इच्छा आहे. मुलगा अकरावीत आहे आणि अभ्यास आटोपल्यावर (आटोपला असे तोच जाहीर करतो) बंदुकीचे खेळ खेळतो. शत्रूच्या पावलांचा आवाज कोणत्या बाजूने येतो हे कळत नाही म्हणून आपण हरतो, असे त्याचे म्हणणे आहे.

संगणक पाच वर्षांपूर्वी जोडून घेतलेला आहे आणि आवाजासाठी मदरबोर्डवरचीच रिअलटेकची चिप आहे. अडचणी दोन आहेत. हेडफोन लावला की मागे सतत घूंऽऽ असा आवाज येतो आणि माउस हलवला की त्यात बारीक किरकिर मिसळते. दुसरे म्हणजे, बाबा हेडफोन लावून गाऊ लागले की त्यांचा स्वतःचा आवाज त्यांना किंचित उशिरा ऐकू येतो, त्यामुळे त्यांची लय बिघडते आणि ते माझ्यावर चिडतात. माइकसकट पंधरा हजारांच्या आत भागवायचे आहे. मदरबोर्डवर एक छोटा पीसीआय एक्सप्रेस स्लॉट रिकामा आहे. त्यात कार्ड बसवावे की यूएसबीची बाहेरची पेटी घ्यावी? की दोघांची गरज एका वस्तूत भागतच नाही?

पाणचक्की (छत्रपती संभाजीनगर) :
माझे मत आधीच सांगतो : गेमसाठी म्हणून वेगळे साउंड कार्ड घेऊ नका.

हे मत अर्धवट वाटू नये म्हणून थोडा इतिहास सांगतो. एके काळी संगणकाला आवाज म्हणजे आतल्या छोट्या स्पीकरची टीं-टीं एवढाच होता. १९८७ साली अ‍ॅडलिबचे कार्ड आले आणि यामाहाच्या चिपमुळे खेळांना संगीत मिळाले. १९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने साउंड ब्लास्टर आणले. त्यात तीच संगीताची सोय होती, शिवाय मुद्रित आवाज वाजवता येत होता आणि जॉयस्टिकची खाचही होती, त्यामुळे ते घरोघरी पोहोचले. त्या काळात कार्ड नसेल तर खेळ मुकाच असे. पुढे १९९७ मध्ये इंटेलने एसी-९७ आणि २००४ मध्ये हाय डेफिनिशन ऑडिओ ही मानके दिली आणि आवाजाची चिप मदरबोर्डवरच बसू लागली.

तरीही क्रिएटिव्हच्याच २००५ च्या एक्स-फाय कार्डापर्यंत खेळाडूला कार्ड घेण्याचे एक सबळ कारण उरले होते. गुहेतला घुमारा किंवा भिंतीआडचा दबलेला आवाज यांचे गणित त्या कार्डावरची चिप करीत असे आणि प्रोसेसरवरचा भार हलका होत असे. विंडोज व्हिस्टा २००७ साली बाजारात आले तेव्हा मायक्रोसॉफ्टने आवाजाची रचनाच बदलली. बहुतेक खेळ ज्या डायरेक्टसाउंडच्या मार्गाने कार्डाच्या चिपकडे हे काम सोपवीत होते, तो मार्ग बंद झाला. आज हे गणित खेळ स्वतःच प्रोसेसरवर करतो आणि आजच्या प्रोसेसरला त्याचे ओझे वाटत नाही. त्यामुळे मुलाच्या हरण्याचे खापर चिपवर फोडता येणार नाही.

उगाच_हजर :
पावलांचा आवाज कळत नाही म्हणून हरतो, हे कारण मी घरी वापरून पाहिले. बायको म्हणाली, "माझा आवाज तरी कुठे कळतो?"

शेवटची_गोळी (जालना) :
पाणचक्की सर, इतिहास मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. माझ्याकडे साउंड ब्लास्टरचे स्लॉटमध्ये बसणारे कार्ड चार वर्षांपासून आहे आणि पावलांचे आवाज उठावदार करण्याची सोय त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. मला फरक जाणवतो. शिवाय त्यात हेडफोनसाठी वेगळा अ‍ॅम्प्लिफायर आहे, त्यामुळे आवाज पुरेसा मोठा मिळतो. मदरबोर्डच्या चिपवर माझा हेडफोन कुजबुजल्यासारखा वाजत असे.

पाणचक्की :
पावले उठावदार होतात म्हणजे ठरावीक पट्टीतले आवाज वर उचलले जातात, आणि ते काम फुकटच्या इक्वलायझरनेही होते. दिशेचे म्हणाल तर दोन कानांत पोहोचणाऱ्या आवाजाच्या वेळेतला आणि तीव्रतेतला सूक्ष्म फरक, आणि कानाच्या पाळीमुळे त्याला मिळणारा रंग, यांवरून मेंदू दिशा ओळखतो. हेडफोनमध्ये या फरकांची नक्कल करण्याच्या पद्धतीला एचआरटीएफ म्हणतात. व्हॅलोरंटसारख्या खेळांच्या सेटिंगमध्ये ती सोय असते आणि विंडोजमध्येही 'विंडोज सॉनिक' फुकट मिळते. मात्र दोन्ही एकदम चालू करू नयेत. खेळाने एकदा वळवलेला आवाज कार्डाने पुन्हा वळवला की मागचा माणूस डोक्याच्या आत बसल्यासारखा वाटतो. हीच चूक करून अनेक मुले नवे कार्ड मागतात.

हेडफोन कुजबुजतो हा मुद्दा मात्र खरा आहे. तुमचा हेडफोन किती ओहमचा (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचे माप) आहे?

शेवटची_गोळी :
२५० ओहमचा. मोठ्या भावाने दिला होता.

पाणचक्की :
मग तुमच्यासाठी कार्ड योग्यच होते. बहुतेक गेमिंग हेडफोन ३२ ओहमच्या आसपास असतात आणि त्यांना साधी चिपही पुरते. २५० किंवा ३०० ओहमच्या हेडफोनला जास्त व्होल्टेज लागते आणि ते तुमच्या कार्डावरचा अ‍ॅम्प्लिफायर देतो. मांजराकाठ, आधी मुलाच्या हेडफोनच्या खोक्यावर हा आकडा पाहा.

तारजोड (बीड) :
मी वायरिंगचा परवाना असलेला माणूस आहे, त्यामुळे कार्डाबद्दल बोलणार नाही, पण धागाकर्त्यांची पहिली अडचण मला कार्डाची वाटत नाही. आधी दोन प्रयोग करा आणि मगच पैसे काढा.

पहिला प्रयोग असा : हेडफोन कॅबिनेटच्या पुढच्या तोंडात लावत असाल तर तो काढून मागे, थेट मदरबोर्डवरच्या हिरव्या जॅकमध्ये लावा. पुढच्या तोंडापर्यंत जाणारी बारीक वायर ग्राफिक कार्ड आणि पंख्यांच्या शेजारून जाते आणि वाटेत सगळ्यांची कुरबुर गोळा करते. माउसबरोबर येणारी किरकिर बहुधा तिथलीच असेल.

दुसरा प्रयोग अर्थिंगचा. अनवाणी उभे राहून कॅबिनेटच्या पत्र्याला हाताची पाठ लावल्यावर झिणझिण्या येतात का, याचा अनुभव घरात कोणाला आला असेल तर विचारून पाहा, मुद्दाम प्रयोग करू नका. एसएमपीएसच्या (संगणकाला वीज पुरवणाऱ्या आतल्या डब्याच्या) आत विजेतला कचरा गाळणारे कपॅसिटर असतात आणि ते तो कचरा अर्थिंगच्या तारेत सोडतात. अर्थिंगच नसेल तर तो कुठे जाणार? मग पत्र्यावर २३० च्या निम्म्या व्होल्टेजचा अंमल राहतो. त्यातला प्रवाह अगदी थोडा असतो, पण हेडफोनमध्ये घूंऽऽ ऐकू यायला तो पुरेसा आहे.

आपल्याकडे हे उन्हाळ्यात फार होते. काळी माती मे महिन्यात भेगाळते आणि अर्थिंगच्या पट्टीचा मातीशी असलेला संबंध सुटतो. खड्ड्यात कोळसा आणि मीठ टाकलेले असते, पण ओल नसेल तर त्यांचा उपयोग होत नाही. पाणी पिण्यालाच नसते तेव्हा खड्ड्यात कोण ओतणार, हेही मला कळते. धुण्याचे सांडपाणी तिकडे वळवले तरी चालते. तुमच्या भागातल्या वायरमनला न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यातले व्होल्टेज मोजायला सांगा. ते दोन-तीन व्होल्टच्या आत असावे. आणि कोणी अर्थिंगची पिन तोडून दोन पिनांचा प्लग लावायचा सल्ला दिला तर ऐकू नका. त्याने आवाज कधी कधी थांबतो, पण माणसाचे संरक्षणही जाते.

उगाच_हजर :
म्हणजे साउंड कार्ड घेण्याआधी बादलीभर पाणी घ्यावे लागेल. लातूरकरांना यातले कोणते महाग पडेल ते सांगता येत नाही.

मांजराकाठ :
२०१६ साली आमच्याकडे मिरजेहून रेल्वेने पाणी आले होते, त्यामुळे हा विनोद आम्ही अर्धाच हसतो. प्रयोग मात्र आज रात्रीच करतो.

पूर्णामाय (परभणी) :
तारजोड दादांच्या म्हणण्यात एक भर घालते. आमच्याकडे वीज गेल्यावर इन्व्हर्टर चालू झाला की हाच आवाज दुप्पट होत असे. स्वस्त इन्व्हर्टर चौकोनी लाट देतात आणि तिच्यात वरच्या पट्टीच्या अनेक लहरी मिसळलेल्या असतात. वीज जाण्याआधी आणि नंतरच्या आवाजात फरक पडतो का, तेही पाहावे.

गोदातीर (नांदेड) :
मी घरच्या एका खोलीत भजने, पोवाडे आणि लग्नाच्या ओव्या मुद्रित करतो, त्यामुळे दुसऱ्या अडचणीवर, म्हणजे उशिरा येणाऱ्या आवाजावर, लिहितो. माझ्या मते या धाग्याचा खरा गाभा तोच आहे, कारण घूंऽऽ घालवता येते, पण हा विलंब चुकीची वस्तू घेतली तर जात नाही.

संगणक आवाज थेंबाथेंबाने घेत नाही, घागरीने घेतो. त्या घागरीला बफर म्हणतात. सेकंदाला ४८,००० नमुने या वेगाने १,०२४ नमुन्यांची घागर भरायला सुमारे २१ मिलिसेकंद लागतात. येताना एक घागर, जाताना एक घागर, शिवाय विंडोजची स्वतःची मिसळण्याची प्रक्रिया, असे करत हा आकडा सहज ५० च्या पुढे जातो. घागर १२८ नमुन्यांची केली तर तीच वेळ पावणेतीन मिलिसेकंदांवर येते.

हे कानाला कसे वाटते ते सांगतो. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे १० मिलिसेकंदांत साडेतीन मीटरांहून थोडे कमी. भजनात मागच्या रांगेतला टाळकरी पेटीपासून तेवढाच दूर बसलेला असतो आणि त्याचे काही बिघडत नाही. ५० मिलिसेकंद म्हणजे तो १७ मीटर दूर, मंडपाच्या दाराशी बसला. दिंडी लांबली की पुढचे आणि मागचे टाळ एकमेकांना चुकवतात, तेच तुमच्या वडिलांच्या कानात होत आहे. ते तुमच्यावर चिडतात, यात त्यांचा दोष नाही.

घागर लहान करायची तर ड्रायव्हर (यंत्र आणि विंडोज यांना जोडणारे सॉफ्टवेअर) त्या ताकदीचा हवा. ध्वनिमुद्रणासाठी स्टाइनबर्ग कंपनीने काढलेली एसिओ ही पद्धत विंडोजची मिसळण टाळून थेट यंत्राशी बोलते. मुद्रणासाठी बनवलेल्या यूएसबी इंटरफेसबरोबर, म्हणजे तुम्ही म्हणता त्या बाहेरच्या पेटीबरोबर, हा ड्रायव्हर मिळतो. गेमिंगच्या कार्डांत तो कधी असतो, कधी नावापुरता असतो. मदरबोर्डच्या चिपसाठी एसिओ-फोर-ऑल हे फुकटचे सॉफ्टवेअर आहे, ते जरूर वापरून पाहा.

पण याहून सोपी गोष्ट म्हणजे इंटरफेसवरचे 'डायरेक्ट मॉनिटर'चे बटण. ते दाबले की गाणाऱ्याचा आवाज संगणकात न जाता इंटरफेसमधूनच थेट हेडफोनमध्ये येतो. मग विलंबाचा प्रश्नच उरत नाही आणि घागर कितीही मोठी असली तरी चालते. फोकसराइटच्या स्कार्लेट सोलोसारख्या लहान इंटरफेसमध्येही ही सोय आहे. यासाठीच मी स्लॉटमधले कार्ड न सुचवता बाहेरची पेटी सुचवतो. ब्लूटूथ हेडफोन मात्र या कामात चुकूनही वापरू नका. त्याचा विलंब बहुधा १०० मिलिसेकंदांच्या पुढे असतो.

बिंदुसरा (बीड) :
माझा अनुभव वेगळा आहे. संगीत म्हटले की २४ बिट आणि १९२ किलोहर्ट्झ (म्हणजे सेकंदाला १,९२,००० नमुने) हवेच. ४४.१ वर ऐकलेली बासरी मला कोरडी वाटते. धागाकर्त्यांनी त्याखालचे काही घेऊ नये.

गोदातीर :
बिंदुसरा, २४ बिटांबद्दल मी तुमच्या बाजूने आहे, पण कारण वेगळे आहे. १६ बिटांत सुमारे ९६ डेसिबलची व्याप्ती मिळते आणि ऐकायला ती भरपूर आहे. मुद्रण करताना मात्र गायक अचानक वर चढला तर आवाज फाटू नये म्हणून पातळी मुद्दाम खाली ठेवावी लागते आणि तिथे २४ बिटांची मोकळीक कामी येते. १९२ किलोहर्ट्झचे तसे नाही. ४४.१ च्या वेगात २२ किलोहर्ट्झपर्यंतचे सगळे स्वर मावतात आणि माणसाचा कान तरुणपणीही २० च्या आसपास थांबतो. साठीनंतर तर आपण त्याच्या बरेच खाली आलेलो असतो. १९२ ने फाइल चौपट मोठी होते, एवढा फरक मी खात्रीने सांगू शकतो.

बिंदुसरा :
माझी साठी अजून दूर आहे. पण आज बायकोला मधे बसवून, कोणती फाइल लावली हे न सांगता ऐकून पाहिले. दहापैकी पाच वेळा ओळखले. बासरीबद्दलचे विधान तूर्त मागे घेतो.

उगाच_हजर :
दहापैकी पाच म्हणजे नाणे उडवूनही तेवढेच आले असते, आणि वहिनींचा वेळ वाचला असता.

जोगाईची_लेक (अंबाजोगाई) :
मी गाणे शिकवते आणि टाळेबंदीपासून ऑनलाइन शिकवण्याही घेते. इथे सगळे कार्डावर बोलत आहेत, म्हणून माइकबद्दल सांगते. मदरबोर्डच्या गुलाबी जॅकमधून माइकला अगदी थोडे व्होल्टेज मिळते. स्टुडिओच्या कंडेन्सर माइकला ४८ व्होल्टची फॅन्टम पॉवर लागते आणि ती इंटरफेसच देतो. मी सुरुवातीला कंडेन्सर माइक आधी आणला आणि तो संगणकाला जोडता येत नाही हे नंतर कळले. तीन महिने तो कपाटात होता.

मात्र घरगुती मुद्रणाला मी आता डायनॅमिक माइक सुचवते. कंडेन्सर पंखा, कुकरची शिट्टी आणि शेजारच्या बोअरची मोटर सगळे प्रेमाने टिपतो. डायनॅमिक तोंडाजवळ धरला की आजूबाजूचे कमी येते आणि त्याला फॅन्टम पॉवरही लागत नाही. काकांना गायचे आणि वाजवायचेही आहे, तेव्हा दोन माइकची सोय असलेला इंटरफेस घ्या, एक गळ्याला आणि एक पेटीला. पेटीचा माइक भात्याच्या बाजूने ठेवू नका, नाहीतर अभंगापेक्षा हवेचा फुसकारा जास्त येईल. आणि मुद्रण पहाटे करा. पंखा बंद ठेवता येतो आणि गळाही तेव्हाच लागतो.

शेवटची_गोळी :
पण मग खेळणाऱ्या मुलाचे काय? इंटरफेसवर गेम चांगला वाजतो का?

गोदातीर :
वाजतो. विंडोजच्या दृष्टीने ते साधे आवाजाचे यंत्रच आहे. तुमच्या कार्डातली पावले उचलण्याची सोय मिळणार नाही, एवढेच. एक अडचण मात्र आधी सांगून ठेवतो. गेमिंग हेडसेटला बहुधा तीन काळ्या कड्यांची एकच पिन असते, तिच्यात हेडफोन आणि माइक दोन्ही असतात. इंटरफेसचे हेडफोनचे तोंड मोठ्या पिनेचे असते आणि त्यात अडॅप्टरने फक्त ऐकता येते, बोलता येत नाही. त्या हेडसेटचा माइक अडॅप्टर लावून इंटरफेसच्या माइकच्या तोंडात खुपसू नका, आणि ४८ व्होल्ट चालू असताना तर मुळीच नाही. स्प्लिटर घेऊन हेडसेटचा माइक मदरबोर्डच्या गुलाबी जॅकलाच ठेवा आणि हेडफोन इंटरफेसला लावा. बोलायचे यंत्र वेगळे आणि ऐकायचे वेगळे निवडायला विंडोजची हरकत नसते.

पूर्णामाय :
स्लॉटच्या कार्डाबद्दलही एक सांगते. तो छोटा स्लॉट अनेक मदरबोर्डांवर ग्राफिक कार्डाच्या पंख्याला चिकटून असतो. तिथे दुसरे कार्ड बसवले की पंख्याचा श्वास कोंडतो. आणि हैदराबादला गेल्यावर सिकंदराबादच्या चेनॉय ट्रेड सेंटरमध्ये जुनी कार्डे स्वस्तात दिसतात म्हणून भुलू नका. जुन्या पीसीआयची पट्टी नव्या स्लॉटमध्ये बसतच नाही, आणि बसणारे कार्ड मिळाले तरी नव्या विंडोजसाठी त्याचा ड्रायव्हर आहे का, हे आधी पाहावे लागते. माझ्या भावाने आणलेले कार्ड आता देव्हाऱ्याखाली फळी टेकवायला आहे.

मांजराकाठ (नऊ दिवसांनी) :
सर्वांचे आभार. उशीर झाला, कारण वायरमन आठवड्याने आला.

हेडफोन मागच्या जॅकला लावल्याबरोबर माउसची किरकिर पूर्ण गेली. घूंऽऽ थोडे कमी झाले, पण राहिले. वायरमनने मोजले तेव्हा न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये ३४ व्होल्ट निघाले. खड्डा उकरला तर तार पट्टीपासून गंजून सुटलेली होती, म्हणजे गेली कित्येक वर्षे आमच्या तीन पिनांच्या प्लगची तिसरी पिन शोभेची होती. आईने तेव्हा सांगितले की फ्रिजला हात लावल्यावर तिला झिणझिण्या येत होत्या, पण तिला ते वयामुळे वाटत होते. नवी तार, कोळसा, मीठ आणि चार बादल्या पाणी एवढ्यावर घूंऽऽ थांबले. तारजोड दादा, साउंड कार्डाच्या धाग्यात येऊन तुम्ही फ्रिज दुरुस्त केलात.

मुलाचा हेडफोन ३२ ओहमचा निघाला. खेळातली आणि विंडोजमधली अशा दोन्ही दिशांच्या सोयी त्याने एकदमच चालू ठेवल्या होत्या. एक बंद केली. तो अजूनही हरतो, पण आता गोळी कुठून आली हे त्याला कळते.

बाबांसाठी दोन माइकचा वापरलेला इंटरफेस आणि एक डायनॅमिक माइक घेतला. पेटीसाठीचा माइक मंडळाकडून उसना आणला आहे. 'डायरेक्ट मॉनिटर' दाबून पहिला अभंग काल पहाटे केला. लय कुठेही ढळली नाही. मात्र ऐकताना गळा फक्त डाव्या कानात येतो आणि पेटी फक्त उजव्या. इंटरफेस बिघडलेला तर नाही ना?

गोदातीर :
बिघडलेला नाही. पहिले तोंड डावे आणि दुसरे उजवे असे धरून सॉफ्टवेअरने एकच स्टिरिओ ट्रॅक केला आहे. दोन वेगळे मोनो ट्रॅक करा, एकाला पहिले इनपुट द्या आणि दुसऱ्याला दुसरे, मग दोन्ही मध्यभागी ठेवा. आणि प्रकल्पाचा वेग ४८ किलोहर्ट्झ ठेवा. मुलाचे खेळ बहुधा त्याच वेगाने चालतात, त्यामुळे दोघांच्या सेटिंगची ओढाताण होणार नाही.

उगाच_हजर :
मला मात्र त्या घूंऽऽचे वाईट वाटते. आपली वीज ५० हर्ट्झची आणि तिची दुप्पट १००. ती हार्मोनियमवरची जवळजवळ खालची पांढरी पाच होते. काकांनी सा तिथे लावला असता तर फुकटचा तानपुरा मिळाला असता.

जोगाईची_लेक :
पांढरी पाच पुरुषांना फार वर जाते हो. काका बहुधा काळी एक किंवा पांढरी दोनमध्ये गात असतील.

मांजराकाठ :
काळी एक. त्या घूंऽऽशी ते कायम बेसूरच होते, आता कळले! मोनो ट्रॅक केले आणि बाबा दोन्ही कानांत आले. त्यांनी अभंगांची यादी पंधरावरून चाळीसवर नेली आहे आणि पहाटेच्या मुद्रणातल्या चुका सायंकाळी ऐकायला बसतात. मुलाने विचारले आहे की खेळायला आपल्याला दुसरा संगणक मिळेल का. त्यासाठी वेगळा धागा काढतो.